तेवीस

मिठाईच्या दुकानातला पोरगा म्हणाला,
'काकांना चाखायला देऊ का आधी?'
तू मान हलवलीस, अगदी काकांसारखीच,
आणि बर्फीचा तुकडा मोडून
मोठा अर्धा माझ्या हातावर ठेवलास.

मी जन्मलो त्या मे महिन्यात
तू पाटबंधारे खात्यात नवा होतास,
ट्रेसिंग पेपरवर कालवे काढायचास,
ज्यांत पाणी यायला अजून वीस वर्षं होती.
हा हिशेब मी कधी केला नव्हता.
तो मला इतरांनी करून दिला.

अंकुशनं तर्री-पोह्याच्या ठेल्यावर विचारलं,
'पैसा आहे काय बे त्याच्यापाशी?'
म्हटलं, स्कूटर आहे,
तीही चार किका मारल्याशिवाय उठत नाही.
तो हसला. मग हसायचा थांबला.
मग पंधरा वर्षांत पहिल्यांदा
बिल त्यानं दिलं,
आणि त्यानंतर फोन केला नाही.

प्रांजली म्हणाली, 'तू जसा आहेस ते मी समजून घेतलं, दादा.
वाचलं मी त्याच्यावर. पण वय?'
जणू एका माणसाला
एकच सवलत मिळते.

आई कणीक तिंबत होती, तिंबतच राहिली.
'मी गेल्यावर तुले कोणीतरी पाहिजे
म्हणून लग्न कर म्हणत होती मी.
अन् तू तर मायाच वयाचा माणूस आणला.
तो तर मायाच संगं जाईल रे.'
यावर उत्तर नव्हतं.
आजही नाही.

बाबांनी फक्त विचारलं, 'जन्मसाल?'
मी सांगितलं.
'मायाहून दोन वर्षं लहान,' ते म्हणाले,
आणि उठून कुलर तीनवर केला.
आमच्या घरी उन्हाळ्याचे चार महिने
कुलरच्या आवाजात खूप काही
बोलायचं राहून जातं.
त्या वर्षी ते पावसाळ्यातही राहिलं.

तान्ह्या पोळ्याला इतवारीत उभे होतो आपण,
तू एका खांबाशी, मी दुसऱ्या,
मध्ये पाच-सहा माणसं, तुझ्याच सांगण्यावरून.
पिवळी मारबत आली. पोरं ओरडत होती,
'डेंग्यू घेऊन जाय गे मारबत!
महागाई घेऊन जाय गे मारबत!'
आपलं नाव कोणी घेतलं नाही.
मी मनात म्हटलं, तो 'काका' तेवढा घेऊन जा,
आणि खांबापासून खांबापर्यंतचं हे अंतर.

पण खरं सांगू,
सगळ्यांत जास्त लागलास तू.
तुझा भाऊ कामठीहून आला, म्हणाला,
पोराच्या वयाचा आहे, त्याचं आयुष्य नको नासवू.
आणि तू सतरा दिवस फुटाळ्यावर आला नाहीस.
अठराव्या दिवशी म्हणालास,
'तुझ्या भल्यासाठी.'
तेव्हा मी ओरडलो, भुट्टेवाली वळून पाहत होती.
माझं भलं करायला निघालेली
इतकी माणसं या शहरात,
मला विचारलेलं एकानंही नाही,
आणि त्या रांगेत शेवटी तू,
चष्मा पुसत.

मार्चमध्ये बाबांचा फोन आला.
मागे कुलरचा आवाज नव्हता.
'ढोबळेले शुगर आहे काय?'
नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच.
नाही, म्हटलं, बीपी आहे.
'गोळी कोणती?'
मी स्वयंपाकघरात जाऊन
पत्त्यावरचं नाव वाचून दाखवलं.
'हं. मीही तेच घेतो.
उपाशीपोटी नको म्हणा त्याले.'
फोन ठेवला.

दोन दिवस मी तुला सांगितलं नाही.
तू नेहमीसारखा चष्म्यासकट झोपलास,
मी तो काढून खिडकीत ठेवला,
दोन्ही रात्री.

तिसऱ्या सकाळी सांगितलं.
तू गोळी तळहातावर घेऊन
बराच वेळ बसलास. चहा निवला.
मग विचारलंस,
'तेही सकाळीच घेतात का?'